गॅस्केटचं सहावं भोक

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आप्पांच्या पेटीच्या कडीनं. लोखंडी पेटी, तिची कडी गंजून जड झालेली. ती उघडताना असा काही आवाज करायची, की गोठ्यातली गायसुद्धा मान वळवून बघे. आप्पा म्हणजे माझे वडील. शेती केळीची आणि कापसाची, तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. पण त्यांचा जीव शेतीपेक्षा पान्या-हातोड्यांत जास्त. गावात कुणाच्या विहिरीवरची मोटर बसली, कुणाचं तेलावरचं इंजिन धूर ओकायला लागलं, कुणाच्या सुनेच्या शिलाई मशीनचा टाका सुटायला लागला, की सकाळी सकाळी माणूस आमच्या ओट्यावर हजर. "आप्पा, मोटर गुरगुर करी ऱ्हायनी, जरा देखतस का?" आप्पा चहाशिवाय काही घेत नसत. चहा मात्र आमच्याच घरचा असायचा, त्यामुळे माय म्हणायची की मोटर लोकांची आणि साखर आमची. काम झालं की आप्पा डोळे अर्धे मिटून जोडावर, बोल्टावर, तारेच्या गाठीवर बोट फिरवायचे. दुसऱ्यानं केलेल्या कामावर तर हमखास फिरवायचे. शहाद्याहून तार भरून आणलेली मोटरसुद्धा त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय विहिरीत उतरली नाही.

जीप आमच्याकडे लिलावातून आली होती. तिचा मूळ रंग कोणता होता यावर घरात दोन मतं होती. मागचे बाक आप्पांनी स्वतः ठोकलेले, हॉर्न सायकलच्या भोंप्याएवढा. माय तिला सवत म्हणायची, पण सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना पुढच्या सीटवर तीच सगळ्यात आधी जाऊन बसायची. तिच्या शेजारी डब्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि भाजलेले शेंगदाणे, मागे आम्ही आणि शेजारच्या चार बाया. आप्पांनी ती जीप कधी गॅरेजला नेली नाही. गाडी गॅरेजला गेली म्हणजे आपल्या घरात काम करणारं माणूस उरलं नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मी चौदा वर्षांची असताना आप्पांना जवळचं दिसेनासं झालं. लांबचं नीट दिसे. दोन शेतांपलीकडून बैल कुणाचा ते सांगत, पण हातातल्या बोल्टचे आटे दिसत नसत आणि गाडीतल्या घड्याळांचे काटेही नाहीत. आज माझ्या नातीलाही ठाऊक आहे की या वयाला चष्मा लागतो आणि त्यात रडण्यासारखं काही नसतं. पण आप्पांना वाटे, ओट्यावर मोटर घेऊन आलेल्या माणसानं नाकावर चष्मा पाहिला की तो मोटर उचलून परत जाईल. झाकली मूठ त्यांना ठेवायची होती. भाऊ धुळ्याला बोर्डिंगात, अक्का लग्न होऊन गेलेली. उरले मी. एके दिवशी आप्पांनी मला पेटीजवळ बोलावलं आणि म्हणाले, "शकू, आजपासून तू मन्हा जोडे बठ. कोनले सांगू नको." मग मी त्यांच्या शेजारी बसून पान्याचे आकडे वाचू लागले, बारीक स्क्रू शोधू लागले, आणि गाडीत बसले की पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा, तेलाचा काटा पाहून सांगू लागले. हळूहळू बारीक कामं माझ्याच हातून व्हायला लागली. मायला ते आवडत नसे, पोरीच्या नखांत तेल शोभत नाही म्हणे. आप्पा हसून म्हणत, "शकूना बोटे म्हंजे मन्हा डोया. आनि डोया गयात ते गयात, हात शे तवलग मले चिंता नही."

माझ्या कामावर ते बोट फिरवून बघत नसत. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, पण मनात धरून ठेवलं होतं. साऱ्या गावाच्या कामावर फिरणारं बोट माझ्या कामावर फिरत नाही, "व्हयनं का?" विचारतात, मी "हां" म्हणते आणि तेवढ्यावर भागतं. मला त्याचा फार गर्व होता. त्या गर्वानंच पुढे सगळं केलं, हे आता लिहिताना दिसतं.

आखाजी जवळ आली होती. खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिचा मान दिवाळीएवढा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावानं घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. घरात त्या दिवसांत उसंत नसायची. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीच्या बिबड्या पापडांच्या खाटा, अंगणात कुरडयांचा चीक, सांजोऱ्यांसाठी रवा भाजल्याचा वास पार गल्लीच्या टोकापर्यंत. अक्काला घ्यायला जायचं होतं. तिचा नवरा तोरणमाळला आश्रमशाळेत मास्तर होता, दोघं तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत. मागच्या आखाजीला ती आजारी म्हणून आली नव्हती, त्यामुळे यंदा मायनं चार दिवस आधीपासून तिचा झोका बांधून ठेवला होता. आप्पा स्वतः जीप घेऊन घाट चढणार होते. आणि नेमकं दोन दिवस आधी जीपखाली जमिनीवर ओल दिसली.

पाणी पंपापाशी टपकत होतं. इंजिनाच्या तोंडाशी एक पंप असतो, तो पाणी फिरवतो म्हणून इंजिन थंड राहतं. पंप आणि इंजिन यांच्या मधे एक गॅस्केट बसवतात, जाड कागदाचंच म्हणा, दोन लोखंडांच्या फटीतून पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ते कुजलं होतं. आप्पांनी वाकून बोटानं चाचपलं आणि खूश होऊन म्हणाले, "आठेच टपकी ऱ्हायनं. घरना घर व्हई जाई." सकाळी चिंचेखाली आम्ही काम काढलं. घमेल्यात पाणी सोडलं, पट्टा सैल केला, पंखा उतरवला. मी आकडा वाचून पाना द्यायची, ते बोल्ट काढून माझ्या ओच्यात टाकायचे. पंप सुटून हातात आला तेव्हा जुनं गॅस्केट त्याला तुकड्यातुकड्यांनी चिकटलेलं होतं. ते मी सुरीनं खरवडून पाटावर जुळवलं. आप्पांनी विचारलं, "किती भोके शेतस?" मी मोजली. चार बोल्टांची, एक मोठं पाण्याचं तोंड, आणि एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं एक. सहा. ते सहावं कशाला, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "वरतून तपेल पानी माघारी येवानी वाट शे ती. इंजिनमा बिनकामनं भोक ऱ्हास नही, शकू."

त्यांनी हे सांगितलं होतं. मला ते ऐकूही आलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःशी म्हणत राहिले की ते बोलले तेव्हा माय वरून हाक मारत होती, माझं लक्ष नव्हतं. पण लक्ष होतं.

गॅस्केटचा कागद आप्पांनी शहाद्याहून आणून ठेवला होता, एवढा एकच तुकडा. गॅस्केट घरी कापायची रीत अशी: कागद इंजिनाच्या तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं. खालच्या लोखंडाची धार कागद कापते आणि भोकांपाशी गोल डोकं ठोकलं की भोक आपोआप पडतं. हलकं ठोकायचं, एवढीच काय ती विद्या. आम्ही कागद लावतोय तोच मळ्याकडून गडी ओरडला, लाईट आली. त्या काळी लाईट आली की माणूस जेवणाच्या ताटावरून उठायचा. केळीला पाणी द्यायचं राहिलं होतं. आप्पा टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "तू ठोकी ठेव. मी उनू." आणि माझ्यावर सोडून ते निघून गेले.

मी चार भोकं छान पाडली. मोठं तोंडही सुटलं. मग त्या बारीक भोकापाशी माझा हात जड पडला. हातोडी सटकली आणि कागद भोकापासून कडेपर्यंत उभा चिरला गेला. मी तसाच धरून बसले. वर धाब्यावर माय बिबडे थापत होती, लाकडी पाटावर तिच्या तळव्याचे आवाज येत होते. दुसरा तुकडा नव्हता, शहाद्याला जायला दिवस नव्हता, आणि मुख्य म्हणजे आप्पा परत आले की म्हणतील, आण बघू, आणि बोट फिरवतील. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कामावर बोट फिरेल. कागद फाटला असं सांगितलं असतं तर ते फार तर एक वाक्य बोलले असते. पण चौदाव्या वर्षी एक वाक्यसुद्धा सोसवत नाही.

देवघराशेजारच्या कोनाड्यात लग्नपत्रिका होत्या. आमच्याकडे पत्रिका फेकत नाहीत, तिच्यावर गणपती असतो. वर्षभर साठवायच्या आणि अनंत चतुर्दशीला तापीत सोडायच्या. त्यांत एक पत्रिका नदीकाठच्या गुजर बागायतदाराकडची होती, चांगली पुठ्ठ्याएवढी जाड, आणि अर्ध्या भागावर सोनेरी उठावाचा गणपती. मी ती घेऊन आले आणि इंजिनाच्या तोंडावर धरली. बरोबर बसली. पण ज्या बाजूला धरावी त्या बाजूनं ते सहावं भोक गणपतीच्या तोंडावरच येत होतं. पत्रिका सरकवली की दुसरीकडची कड कमी पडे. उलटी धरली तरी तेच, मागून ठोकलं तरी फुटणार गणपतीचंच तोंड. चार भोकं ठोकली, मोठं तोंड सोडवलं. मग हातोडी उचलली आणि माझा हात खाली येईना. गणपतीच्या तोंडावर हातोडी मारायची? तीन दिवसांवर सण, घरात पितर येणार. माझ्या मनानं लगेच तोडगा काढला. एवढंसं तर भोक, मोठ्या तोंडातून पाणी जातंच आहे, देवाच्या तोंडावर घाव घालण्यापेक्षा ते राहिलेलं बरं. पापभीरूपणा आणि लबाडी यांचं इतकं गोड जमतं, हे मला त्या दिवशी कळलं असतं तर पुढचं टळलं असतं.

गॅस्केटला दोन्ही बाजूंनी लावायला डबीत लाख होती, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, तपकिरी आणि चिकट. मी ती चांगली थापली. गणपती दिसेनासा झाला. मग ते इंजिनाच्या तोंडावर चिकटवून टाकलं आणि फाटलेला कागद चुलीत घातला. आप्पा आले, पाय धुतले, पंप दोन्ही हातांनी उचलला.

"भोके बठ्ठा पडनात का?"

"हां," मी म्हटलं.

त्यांनी पंप बसवला. एकेक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोरचा, कुठं जास्त कुठं कमी होऊ न देता, डोळे जवळजवळ मिटून फक्त मनगटाच्या जोरावर ते आवळत गेले. तसं आवळणं मी पुढे कुणाचं पाहिलं नाही. पाणी भरलं, जीप सुरू केली, आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो. एक थेंब नाही. आप्पांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. माय वरून ओरडली, "जेवाले चाला आते, भाकर निवी ऱ्हायनी." त्या दिवशी ताटात कैरीची कढी होती आणि आप्पांनी मायला सांगितलं की आज पोरीनं एकटीनं गॅस्केट कापलं. मी मान खाली घालून कढी भुरकत होते. मायला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मायनं सांजोऱ्यांचा डबा, जावयासाठी उपरणं आणि दोन डांगरं दिली. शहादा गेलं, लोणखेडा गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि केळीच्या बागा. सपाटीवर तोंडाला वारा लागत होता. आप्पा मजेत होते. अधूनमधून विचारायचे, "काटा कोठे शे?" मी बघून सांगायचे, "मधमा." आणि तो खरोखर मधे होता. पायथ्याशी जीप थांबवून त्यांनी पाणी बघितलं, भरलेलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. म्हटलं, बघ, तुझं तोंड राखलं आणि तू माझं राखलंस.

घाट लागला तशी जीप पहिल्या गियरवर घुमायला लागली. दोन वळणं गेली आणि काटा हलला. आप्पांनी विचारलं, "काटा?" तो मधल्या रेघेच्या वर सरकला होता. मी म्हटलं, "मधमा शे." मला वाटलं, पुढच्या वळणावर उतार येईल, सावली येईल, तो खाली जाईल. काटा चढला असं सांगितलं तर ते गाडी थांबवतील, बॉनेट उघडतील, का चढला ते शोधतील. आणि शोधायला लागले की आप्पा शोधल्याशिवाय राहत नसत. आणखी एक वळण. काटा लाल पट्टीला टेकला. त्यांनी नाक वर करून वास घेतला. "शकू, काटा देख बरं नीट. वास यी ऱ्हायना." मी काट्याकडे बघत होते. तो लाल पट्टीच्या आत होता. "मधमाच शे, आप्पा."

पुढच्या वळणावर पांढऱ्या वाफेनं काच झाकली. आतून ठण ठण असा आवाज आला आणि जीप जागेवर बसली. आप्पांनी ब्रेक दाबला, मी उतरून चाकाखाली दगड लावला. बॉनेट उघडून ते बाजूला उभे राहिले. वाफ कितीतरी वेळ येत होती. डोक्यावर मोहाच्या टोपल्या घेतलेल्या दोन पावरा आदिवासी बाया चढावर थांबून बघून गेल्या. एकीनं टोपली खाली ठेवून आपल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी आम्हाला प्यायला दिलं. आप्पा वाफेकडे बघत राहिले. मला रागावले असते तर मी तिथल्या तिथे सगळं ओकून टाकलं असतं, असं मी पुढे म्हणत आले. पण रागावायची वाट बघणारी मीच कोण होते? बोलायचं तर मी होतं.

संध्याकाळी खाली उतरणाऱ्या लाकडाच्या ट्रकनं आम्हाला ओढत शहाद्यापर्यंत आणलं. अक्का वर सामान बांधून दिवसभर दारात बसली होती, हे तिच्या पत्रातून आठवड्यानं कळलं. ती आखाजीला आली नाही. मायनं झोका सोडला नाही, तो वाऱ्यानं हलत राहिला आणि शेवटी शेजारच्या पोरींनी वापरला. पण तो भाग नंतरचा. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या एका मिस्तरीनं इंजिन उघडलं. आप्पा गॅरेजच्या बाकावर बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा, हात मांडीवर ठेवून. मिस्तरी बरा माणूस होता, वयानं लहान, आप्पांचं नाव ऐकून असलेला. त्यानं इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हेडला, गेलेली चीर दाखवली आणि जपून विचारलं, "आप्पा, काटा पार लालमा गया व्हई. तुमले दखायना नही का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग त्याला म्हणाले, "मले जोडेनं दखात नही. बराच दिन व्हयनात. मी कोनले सांगं नव्हतं."

गॅरेजात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आमच्या गावाकडचीच. ज्या गोष्टीसाठी त्यांनी वर्षभर मला शेजारी बसवलं होतं ती त्यांनी अशी चारचौघांत सांगून टाकली, मला वाचवायला. मिस्तरीनं पंप काढला आणि बोलता बोलता, न बघताच, पट्टीनं इंजिनाचं तोंड खरवडायला लागला. "फिटिंगमा काही तरी चुकनं, आप्पा. पानी फिरनंच नही आसं वाटस." लाखेत भिजलेले कपटे खाली पडत होते. त्यांतला एक माझ्या पायापाशी येऊन पडला. त्याची लाख निघाली होती आणि खाली सोनेरी दिसत होतं, सोंडेचा वळलेला तुकडा. आप्पा जमिनीकडे बघत होते. मी पाय पुढे केला आणि त्याच्यावर चप्पल ठेवली.

ज्या तोंडावर मी हातोडी मारली नाही, त्याच्यावर पाय दिला. आज इतकी वर्षं झाली, देवाची मला भीती वाटत नाही. त्यानं काय म्हणायचं ते म्हणावं. पण तो पाय मला आठवतो, आणि वर बाकावर बसलेल्या आप्पांचा आवाज. ते म्हणाले होते, "फिटिंग मन्हा हातनी शे."

जीप दुरुस्त झाली पण घरी आली नाही, तिथूनच दुसऱ्या कुणाला दिली. आप्पांनी त्याच महिन्यात चष्मा केला. चष्मा लावून ते पेपर वाचायचे, पंचांग वाचायचे, कापसाच्या बोंडावरची अळी शोधायचे. झाकली मूठ उघडलीच होती. मला वाटलं, आता पेटी उघडतील. उघडली नाही. लोक यायचे, म्हणायचे, "आप्पा, आते ते चष्मा शे ना? मोटर देखा ना जरा." आप्पा म्हणायचे, शहाद्याला घेऊन जा, चांगला मिस्तरी आहे. दोन-तीन वर्षं लोक येत राहिले, मग यायचे थांबले. सकाळी चहाला ओट्यावर कुणी नसे. मायची साखर वाचली, पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही. उलट एकदा मोकळ्या ओट्याकडे बघत म्हणाली की घर कसं सुनं वाटतं. कडीचा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. मी आपली समजूत करून घेतली होती की काट्यामुळे झालं, पोरीनं खोटं सांगितलं हे त्यांना लागलं, आणि ते मनात ठेवून त्यांनी हत्यार टाकलं. काट्याबद्दल त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. त्यामुळे अर्धा गुन्हा कबूल झाल्यासारखाच आहे, असं मी धरून चालले. अर्ध्या कबुलीवर माणूस किती दिवस आरामात झोपू शकतं हे मी स्वतःवरून सांगू शकते. माझं लग्न झालं, मुलं झाली, नोकरी झाली.

आप्पा बरेच जगले. माय गेली त्याच्या पुढच्या आखाजीला मी माहेरी गेले, तेव्हा घागर तिच्या नावाची भरली होती. दुपारी सगळे जेवून पडले होते. आप्पा ओसरीत खाटेवर होते, चष्म्याचाही आता उपयोग उरला नव्हता, दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला. मी त्यांना डांगराच्या फोडी करून देत होते. अमुक एका कारणानं नाही, पण सुरी हातात होती, साल खरवडत होते, आणि मी बोलायला लागले. फाटलेला कागद, पत्रिका, गणपती, सहावं भोक, लाख, सोंडेचा तुकडा आणि चप्पल. सगळं. मधे थांबले नाही. ते फोड हातात धरून ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी ती फोड परत ताटलीत ठेवली.

"पेटी ली ये," ते म्हणाले.

माळ्यावरून मी ती खाली काढली. कडी गंजून बसली होती, बत्त्यानं ठोकून सोडवावी लागली. तोच आवाज आला. आप्पांनी आत हात घातला आणि एक पाना उचलून अंगठा त्याच्या तोंडावर फिरवला. "चौदा-पंधरा," म्हणाले. मी आकडा वाचला. बरोबर होता. दुसरा उचलला. "धा-अकरा." बरोबर. असे सात-आठ पाने त्यांनी ओळखले, एकही चुकला नाही. मग हात पेटीतच ठेवून बसले.

"काटानं मले माहीत व्हतं," ते म्हणाले. "पोर शे, भ्याई गयी, आसं म्हनीसन मी सोडी दिन्हं. भोकनं माहीत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "डोया गयात तरी हात शे आसं मी समजे. त्या दिनले मले वाटनं, हात भी गया. म्हनीसन पेटी बंद करी." पेटीतला एक पाना चाचपत म्हणाले, "तू तव्हयच सांगती, ते मी आखो धा-पंधरा वरीस काम करतू."

माफी मागायला तोंड उघडलं, पण कोणत्या सकाळची, कोणत्या मोटरीची, ओट्यावरच्या कोणत्या चहाची मागायची ते कळेना. मी त्यांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

मग म्हणाले, "बंद करी दे."

मी पाने जागच्या जागी ठेवले, झाकण लावलं, कडी ओढून घेतली.

"कडी लागनी का?"

"हां," मी म्हटलं.

आप्पा खाटेवरून वाकले, हातानं चाचपत पेटीपर्यंत आले, आणि कडीवर बोट फिरवून पाहिलं.